कापसाभोवतीचं घर

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आमचे सर फळ्यावर पाच आकृत्या काढायचे आणि सांगायचे, जगातली कुठलीही इमारत या पाचांपैकी एकात बसतेच. मधोमध एक मोठी जागा आणि तिच्याभोवती बाकीच्या. किंवा सगळ्या जागा एका रेषेत. किंवा चाकाच्या आऱ्यांसारख्या. किंवा घोळक्यानं, नाहीतर चौकटींच्या जाळीत. सहावा प्रकार देवानं ठेवलेला नव्हता. सर नागपुरात जन्मले, नागपुरातच वाढले, आणि खेडं त्यांनी पाहिलं ते गाडीची काच बंद ठेवून. हिवाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला काम दिलं: आपापलं राहतं घर मोजा, नकाशा काढा आणि त्याच्या रचनेचं तत्त्व कोणतं ते लिहा.

वर्गातल्या पोरांना बंगले होते आणि बंगल्यांना वळणदार जिने होते. माझ्याकडे राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या तीन खोल्या होत्या. पुढची, मधली आणि स्वयंपाकाची, एकामागं एक, वर टिन. एका रेषेतली रचना. एसटीत बसल्या बसल्याच मी तत्त्व लिहून टाकलं आणि सुट्टीभर झोपा काढायचा बेत केला.

टेप घेऊन घरात शिरलो तर मधली खोली नव्हतीच. म्हणजे भिंती जागच्या जागी होत्या, पण आत कापूस होता. खालपासून पार टिनाला टेकलेला. भिंतीला अंग घासत एक माणूस तिरपा चालेल एवढी वाट सोडली होती, तीही स्वयंपाकघरातून भाकरी बाहेर यावी म्हणून. ती कापसाची वाईट वर्षं होती. व्यापारी दारात येऊन कापूस चिमटीत धरायचे आणि नाक मुरडायचे. सरकारी खरेदी आज सुरू होते, उद्या सुरू होते असं चाललं होतं. गावात पाहणीला पथकं यायची. ती शहरी माणसं घरात पाऊल टाकलं की आधी आढ्याकडे बघायची, मग आमच्याकडे, आणि सगळे जिवंत दिसले की थोडी हिरमुसायची. आमचे बाबा तर चांगले ठणठणीत होते. ते फक्त हट्टाला पेटले होते. भाव चढेलच, होळीपर्यंत बोंडातलं एक बी घराबाहेर जाणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं.

कापसाची बडदास्त जावयासारखी चालली होती. त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही. विडी ओढायची नाही, चिमणी न्यायची नाही. पाहुणे आले तर ते अंगणात बसत, आम्ही पुढच्या खोलीत दाटीवाटीनं झोपत असू. रात्रभर अंगाला खाज सुटायची आणि सकाळी प्रत्येकाच्या केसांत सरकी सापडायची.

अशात माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नववा महिना लागला होता. बाळंत ती तालुक्याच्या दवाखान्यात होणार होती, पण नंतरचा सव्वा महिना घरीच काढायचा होता. पुढची खोली रस्त्यावर उघडी, स्वयंपाकाच्या खोलीत धूर. बाळंतिणीची खोली म्हणजे मधलीच. मी तिथंच जन्मलो होतो, ताईही तिथंच.

"माह्या पोरीले मधली खोली पाह्यजे," आईनं एक दिवस जेवताना सांगितलं.

"अन् कापूस कुठं ठेवू? डोक्शावर?" बाबा म्हणाले.

आईनं मग माझ्याकडे तोंड वळवलं. "तू घरं बांधाचं शिकून राह्यला नं? मंग काढ जागा."

असा माझा पहिला ग्राहक मला मिळाला. मी तीन कागद खर्ची घातले. कापूस तुडवून मागच्या अर्ध्या भागात दाबायचा, मध्ये तुरीच्या काड्यांचा भिंतीसारखा कूड उभा करायचा, त्याला शेणामातीनं लिंपायचं. पुढच्या अर्ध्यात खिडकीशी बाज. उजेड पूर्वेचा, वारा आडवा, बाळासाठी झोळी टांगायला आढं. बाबांनी नकाशा पाहिला आणि लगेच मान डोलवली, कारण त्यात कापूस विकायचा कुठंच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चार दिवस आम्ही दोघं राबलो. कूड झाला, आणि खरंच चांगला झाला. मी येईल त्या शेजाऱ्याला हात पसरून समजावू लागलो की जागेची विभागणी कशी करतात. ताई बाजेवर बसून बघत होती आणि हसत होती. तिला खोली आवडली होती, हे मला अजून आठवतं.

पाचव्या दिवशी बाळंतिणीला न्हाऊ घालणारी म्हातारी खोली बघायला आली. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर आंघोळ केलेली, त्यात मीही. तिनं माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. उजेड ऐकला, वारा ऐकला. मग वाकून बाजेखाली पाहिलं.

"शेगडी कुठं ठेवाची?" तिनं विचारलं.

मी नकाशा पुन्हा उघडून पाहिला.

"पोरगी बाळंत होऊन राह्यली, बाहुली नाही मांडाची इथं. हिवाचे दिवस हायेत. बाजेखाली इस्तू पाह्यजे, ओव्याची धुरी पाह्यजे. ह्या काड्याईपाशी इस्तू ठेवू काय? पोरगी अन् कापूस दोन्ही जातीन."

ज्या खोलीत विडीसुद्धा पेटवत नाहीत तिथं मी सव्वा महिन्याची शेगडी विसरलो होतो. उजेड, वारा, सगळं कागदावर होतं, आणि निखारा नव्हता. आता एकच प्रश्न उरला. एक तर कापूस बाहेर जाणार, नाहीतर ताई. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी कुडाकडे पाहिलं.

दोन दिवस बाबांनी भाकर शेतातच मागवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बैल बाहेर कडुलिंबाखाली बांधले, गोठा झाडला, सारवला, उघड्या बाजूला रिकाम्या पोत्यांचा बारदाना शिवून लावला. "इस्तू ठेवा, धुरी द्या," ते म्हणाले. "कोन अडवते?"

"पोरगी गोठ्यात अन् कापूस घरात," आई म्हणाली. "वा!" त्या दिवशी तिनं बाबांना वाढलं नाही.

"चालते मले," ताई म्हणाली. आमच्याकडच्या मुलींना हे वाक्य फार लवकर शिकवतात. मी त्या वेळी बाबांशी भांडायला हवं होतं. भांडलो नाही, कारण माझा नकाशा अर्धा राहिला होता. याची मला लाज वाटते.

आठवड्यानं ताईला मुलगी झाली. दवाखान्यातून दोघींना आणणारी जीप घराच्या दारासमोरून पुढं गेली आणि गोठ्यापाशी थांबली. आईनं भाकरतुकडा ओवाळला तो तिथं. थंडी कडाक्याची होती. शेगडी पेटलेली असायची, पण बारदान्यातून वारा यायचा आणि ताई खोकायची. मी घरात कापसाची लांबी, रुंदी, उंची मोजत होतो.

नकाशात मी कापूस काळ्या शाईनं भरीव दाखवला आणि खाली लिहिलं, केंद्रीय रचना. सरांनी तो वर्गात टाचून लावला. बाकीच्यांनी मधोमध रिकामा चौक दाखवला, यानं भरीव केंद्र दाखवलं, असं म्हणाले. सगळं जगणं या वस्तुमानाभोवती कसं फिरतं ते पाहा, म्हणाले. मला उभं राहून दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी दोन नाही, चांगले दोनशे बोललो. वर्गात मला सर्वांत जास्त गुण मिळाले.

होळीला नकाशा घेऊन घरी गेलो. त्याच आठवड्यात कापूस विकला गेला होता, हिवाळ्यापेक्षा पडत्या भावानं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. बाबांनी नकाशा दोन्ही हातांनी धरून दारात उजेडात पाहिला. मुलाला पहिला नंबर देणारा कापूस म्हणून त्यांचा त्यावरचा राग थोडा निवळला. ते शेजाऱ्यांना हाका मारायला गेले.

ताई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं कागद जवळ ओढला. रेघांवरून बोट फिरवत ती खोल्या ओळखत गेली. ही पुढची खोली. हा कापूस. ही चूल. बोट कागदाच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं.

"ह्याच्यात मी कुठं हावो रे?"

"ताई," मी म्हणालो, "फक्त घर काढाले सांगतलं होतं."

तिनं मुलीच्या तोंडावरची माशी उडवली. "मंग बराबर काढलं," ती म्हणाली.