खुशीच्या मम्मीनं हात केला आणि अख्खी स्केटिंग गल्लीत आली

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातून जे झालं, ते आमच्या टोकरखाडा वस्तीत आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मीच सांगते. दुसऱ्याकडून ऐकलंत तर त्यात पोलीस येतील, ॲम्ब्युलन्स येईल. तसलं काही झालं नाही. पण जे झालं त्यानंसुद्धा मी चार दिवस दूध घ्यायला तोंड झाकून जातेय.

माझी खुशी नऊ वर्षांची. चाकाचे बूट घालून पळायचा क्लास तिच्या पप्पांनी लावून दिलाय. मी लावला असता होय? ती पायरी उतरली तरी मी मागून हात धरायला धावते. क्लासमध्ये बाकीच्या आया गप्पा मारतात आणि मी "हळू गं, हळू गं" करत बसते. हळू जायचं तर चाकं कशाला लावली, असं एकदा एक बाई मला म्हणालीसुद्धा.

तर त्या रविवारी क्लासच्या सरांनी रस्त्यावर सगळ्यांची मिळून स्केटिंग ठेवली होती. सुरतेहून मोठी मोठी पोरंपोरी येणार होती. तिकडे म्हणे अशी खूप माणसं एकत्र जमून शहरातल्या रस्त्यांवरून फिरतात. सरांनी मुलांना सांगितलं होतं, जो कोणी रस्ता न सोडता, मध्ये न थांबता बागेपर्यंत येईल, त्याला सुरतच्या मोठ्या फेरीला नेणार. आणि आईबापांना सांगितलं होतं की तुम्ही बागेत थांबा, रस्त्यावर येऊ नका. हे सांगताना ते माझ्याकडेच का बघत होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

खुशीनं महिनाभर सुरत सुरत करून कान खाल्ले होते. शनिवारी झोपताना मला म्हणाली, "मम्मी, तू मध्ये आलीस ना, तर माझी सुरत गेली."

मी म्हटलं, "नाही येणार गं बाई."

आणि मी खरंच येणार नव्हते. पण सकाळी पोरगी दूध न पिता निघून गेली. ग्लास तसाच ओट्यावर. एवढा लांब रस्ता, पोट रिकामं, त्यात ऊन. चक्कर आली तर? चाकावर चक्कर येणं आणि जमिनीवर चक्कर येणं यात फरक आहे की नाही, तुम्हीच सांगा.

आमची गल्ली त्या मोठ्या रस्त्यालाच लागून आहे. मी विचार केला, मी कुठे जात नाहीये, आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहीन. ती आली की दोन घोट ग्लुकोजचं पाणी पाजीन. एक मिनिटाचं काम. पण त्या रस्त्याला सामरवरणीच्या कारखान्यांकडचे ट्रक असे येतात की माणूस दिसत नाही त्यांना. म्हणून मी दाराच्या खिळ्याला टांगलेलं तिच्या पप्पांचं कंपनीचं जाकीट गाऊनवर चढवलं. नारिंगी, वर चमकणारे पट्टे. पप्पा सुताच्या, यार्नच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले, ढाराढूर झोपलेले. नाहीतर त्यांनी अडवलंच असतं.

सरांनी प्रत्येक वळणावर रस्ता दाखवायला माणसं उभी केली होती आणि त्यांनाही असलीच जाकिटं दिली होती, हे मला कोण सांगणार?

आता गल्लीत त्या दिवशी काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. आमच्याकडे सगळे धुळे-नंदुरबारकडचे. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बाया पाळीपाळीनं एकेकीच्या कुरडया करतात. त्या दिवशी यमुनामावशींची पाळी होती. मावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या, त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. पहाटेपासून गव्हाचा चीक घोटून, सोऱ्यानं पाडून, खाटांवर आणि खाली प्लास्टिकवर कुरडया घातलेल्या. बाया चहाला घरात गेल्या आणि कावळे हाकलायला मला बसवलं. मी गेले गल्लीच्या तोंडाशी. कावळे काय, तिथूनही दिसतात.

तेवढ्यात आली की झुंड. काय सुंदर दिसत होतं हो ते. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, सगळे एका लयीत डावीकडे-उजवीकडे झुलत, चाकांचा सर्र आवाज. पण त्यात माझी कोणती? सगळ्यांचं टी-शर्ट एकच. मी आपली बाटली उंच धरली आणि दुसऱ्या हातानं जोरजोरात बोलावलं, इकडे ये, इकडे ये.

सगळ्यात पुढे सुरतेचा एक उंच मुलगा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, डावा हात बाहेर काढला आणि सरळ आमच्या गल्लीत वळला. मागच्यानं हात काढला, तो वळला. त्याच्या मागची वळली. त्यांचा नियमच तसा असतो, पुढचा जिकडे हात करील तिकडे मागच्यानं जायचं, विचारायचं नाही. मी "अहो नाही, अहो तुम्ही नाही" म्हणत हात हलवायला लागले. तर त्यांना वाटलं, बाई घाई करतेय. ते अजून जोरात आले.

आमची गल्ली उताराची. आणि शेवटी गोडाऊनची भिंत.

पुढचं मी डोळे मिटून ऐकलं. खाटा सरकल्याचा आवाज, "ब्रेक, ब्रेक", आणि मग यमुनामावशींचा आवाज, "व माय, हाई काय शे?"

डोळे उघडून धावले तर कोणी खाटेवर बसलेलं, कोणी मावशींच्या दाराला मिठी मारलेली, एका पोरीच्या हेल्मेटवर ओली कुरडई. कोणाला लागलं नव्हतं, तेवढी देवाची कृपा. पण प्लास्टिकवर चाकांच्या नुसत्या रेघा. तो सुरतेचा मुलगा मला अदबीनं विचारतोय, "दीदी, आगे किधर?" आता भिंतीच्या पुढे मी त्याला काय दाखवू?

आणि मग माझ्या लक्षात आलं की खुशी दिसत नाहीये.

मी एकेकाची हनुवटी धरून हेल्मेटखाली बघायला लागले. मोठ्या मोठ्या दाढीवाल्यांच्यासुद्धा. खुशी नाही. माझ्यामुळे हे सगळे इथे आले आणि माझी पोर त्या ट्रकच्या रस्त्यावर कुठे राहिली? मी मावशींच्या ओट्यावर बसून रडायला लागले. मावशी आधी मला बोलत होत्या, मग त्यांनीच मला पाणी दिलं. ते जास्त लागलं.

त्या मुलानं सरांना फोन लावला. सर बागेत वाट बघत होते. फोनमधून सगळ्या गल्लीला ऐकू आलं, "अरे तुम्ही सगळे गेले कुठे? इथे एकच मुलगी आलीये. खुशी."

आम्ही सगळे बागेत गेलो. मी रिक्षातून, जाकीट काढून घडी करून मांडीखाली. खुशी बाकावर बसून केळं खात होती. पुढच्या वळणांवरच्या माणसांनी तिला नीट वाट करून दिली होती. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.

सरांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "बेटा, सगळे वळले, तू एकटी सरळ कशी आलीस? गल्लीच्या तोंडाला जाकीटवालं माणूस बोलावत होतं ना?"

खुशी म्हणाली, "सर, ते माणूस नव्हतं. ती माझी मम्मी होती."

"मग मम्मी बोलावत होती तर?"

"मम्मी दिवसभर बोलावते, सर."

सुरतेची पोरं एवढी हसली की दोघं बूट घातलेलेच गवतावर पडले. सरांनी तिचं सुरतचं तिथल्या तिथे पक्कं केलं आणि मग माझ्यासमोर येऊन हात जोडले, "बेन, तुम्ही सुरतला नका येऊ."

नाही जाणार. त्या दिवशी मला मावशींच्या नव्यानं घालायच्या कुरडयांचे गहू निवडायचे आहेत.

पण तुमच्या ओळखीत कोणाची पोरं अशी रस्त्यावर स्केटिंगला जात असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा आणि त्यांना पुढे सांगायला लावा: वाटेत आई हाका मारताना दिसली, तर वळू नका, सरळ जा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल. तसंही सगळ्यांना माहीतच आहे.