काशीरामजींची पक्की खबर

कुठल्याही सरकारी ऑफिसात कागद साचत जातात. आमच्याकडे उलटं होतं. आमची शाखा गुप्तवार्तेची, लोकांच्या भाषेत ‘खुफिया’. गुप्त कागद ठरावीक काळानं चार माणसांसमोर जाळायचे असा नियम होता आणि आम्ही तो इमानेइतबारे पाळला. किस्से जाळायचा नियम कुणी काढला नाही, म्हणून ते राहिले. आता रिटायर झाल्यावर मित्रमंडळींत चहाबरोबर तेच वाढतो.

माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीकडून मध्य प्रदेशात देवासला आले. मी नव्वदच्या दशकात सब-इन्स्पेक्टर म्हणून या शाखेत लागलो. आधी धार, मग देवास.

*

धारला पहिल्याच आठवड्यात मला जवळच्या तिरला गावात पाठवलं. हुकूम असा: साध्या कपड्यांत जा, ओळख सांगू नका, लोक काय बोलतात ते ऐका. मी टपरीवर चहा घेतला आणि कुणी विचारलं तर बियाण्यांच्या कंपनीचा माणूस आहे म्हणून सांगितलं.

झालं! एका शेतकऱ्यानं हाताला धरून थेट शेतावर नेलं. सोयाबीन पिवळं पडलं होतं. आमच्या सात पिढ्यांत कुणी नांगराला हात लावलेला नाही. तरी मी दोन पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “पानी खड़ा मत रहने दो.”

तीन आठवड्यांनी तो गृहस्थ पिशवीभर भुट्टे घेऊन आमच्या ऑफिसात हजर. मी चाटच पडलो. हा पत्ता कुणी दिला, म्हणून विचारलं.

“भिया, खुफिया वाले हो, ये तो टपरी पे ही मालूम था,” तो म्हणाला. “पर सलाह सही निकली.”

*

देवासला आमचे हेडक्लार्क सरवटेकाका. त्यांचे पूर्वज देवास संस्थानच्या दरबारात चिटणीस होते आणि काकांची भाषा अजून तिथून बाहेर पडलेली नव्हती. रोज चारच्या आत वरच्या ऑफिसला रिपोर्ट फॅक्स करायचा, ही त्यांची जबाबदारी.

आता देवासात रोज काय घडणार? पण ‘काही घडलं नाही’ असं लिहिलं की वरून विचारणा व्हायची, तुम्ही झोपला होता का? म्हणून काकांनी एक कायमचं वाक्य बसवलं होतं. ‘कोई उल्लेखनीय घटना नहीं हुई, तथापि नज़र रखी जा रही है.’

एकदा वरच्या ऑफिसात नवीन अधिकारी आले. त्यांनी फोन करून विचारलं, “नज़र किस पर रखी जा रही है?”

काका शांतपणे म्हणाले, “जो नहीं हुआ, श्रीमान, उसी पर.”

पलीकडून आवाज आला, “ठीक है. रखते रहिए.”

फोन ठेवून काका मला म्हणाले, “अहो, न घडलेले तेच तर आपले काम. घडले, तर मग ठाण्याचे.” पुढे नोकरीभर मला यापेक्षा चांगलं ट्रेनिंग मिळालं नाही.

*

पण आमच्या शाखेचा खरा खांब म्हणजे हेड कॉन्स्टेबल काशीरामजी. अस्सल माळवी माणूस, अंगानं किरकोळ, आणि अख्ख्या जिल्ह्यात ओळख नाही असं गाव नाही.

लोहारद्याला बाबूलालजी नावाचे शेतकऱ्यांचे पुढारी होते. वीज नाही, पाणी नाही, खत नाही, यावर त्यांची सभा दरवर्षी ठरलेली. भाषण लिहून आणायला आम्ही दोघं जायचो, कोपऱ्यात कुणाला दिसणार नाही असे बसायचो. बाबूलालजी माइक हातात घेऊन आधी विचारायचे, “काशीराम भिया आ गए? तो शुरू करें.”

सरकारवर तोफ डागता डागता मध्येच थांबायचे. “लिख लिया, भिया? थोड़ा धीरे बोलूँ?”

एका वर्षी सभेच्या आदल्या दिवशी बाबूलालजी स्वतः ऑफिसात आले. मागच्या वर्षी टाळ्या पडलेलं भाषण त्यांना आठवत नव्हतं. आमच्याकडे शब्दन् शब्द असणार, याची त्यांना खात्री होती. गुप्त कागद देता येत नाही, असं मी बजावून सांगितलं. काशीरामजींनी तो दिला नाही, नुसता मोठ्यानं वाचून दाखवला.

*

मग नवे साहेब आले. माणूस कडक आणि शिकलेला. त्यांनी प्रत्येक खबरीला दोन शेरे द्यायची पद्धत आणली. एक शेरा माणूस किती भरवशाचा यावर, दुसरा माहिती किती खरी यावर. दोन्ही वेगवेगळे, कारण चांगला माणूसही चुकीचं सांगू शकतो. पद्धत एकदम बरोबर होती. आम्हाला सवय व्हायला वेळ लागला.

काशीरामजींना लागला नाही. त्यांच्या पत्नीला, आमच्या भाभींना, लकव्यानं डावी बाजू गेली होती. स्वयंपाक काशीरामजी करायचे, भाभी खाटेवरून सूचना द्यायच्या. रोज सकाळी त्यांची वेणी घालूनच ते ऑफिसला यायचे. एकदा मी घरी जेवायला होतो. भाजी मिठानं खारट झाली होती. भाभी म्हणाल्या, “भोत अच्छी बनी है.”

काशीरामजी माझ्याकडे वळून म्हणाले, “देखो भिया. आदमी सौ टका भरोसे का, खबर शंकास्पद.”

भाभी हसल्या. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण पोटभर. मी ती भाजी दोनदा मागून घेतली.

*

काशीरामजींची एकदा मोठी फजिती झाली. नर्मदेकाठी नेमावरच्या घाटावर दोन अनोळखी माणसं आली होती. धर्मशाळेत उतरलेली, पूजा नाही, स्नान नाही, नुसते नावाड्यांना प्रश्न विचारत होती. काशीरामजींनी तीन दिवस त्यांचा पिच्छा पुरवला आणि लांबलचक रिपोर्ट दिला, ‘दो संदिग्ध व्यक्ति.’

त्याच दिवशी वरच्या ऑफिसातून साहेबांना एक रिपोर्ट आला. नेमावरात एक किरकोळ अंगाचा संशयित इसम तीन दिवस आमच्या माणसांच्या मागं फिरतो आहे, चौकशी व्हावी. ती दोन माणसं वरच्याच ऑफिसची होती, आमचं काम तपासायला आलेली!

साहेबांना वरून बोलणी बसली. त्यांनी काशीरामजींना आत बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “एक गलती और, और सीधे जिले के बाहर.”

बाहेर आल्यावर काशीरामजी माझ्या टेबलाशी टेकले. मग म्हणाले, “मैं तो चला जाऊँ, भिया. उसकी चोटी कौन करेगा?” भाभींचे उपचार देवासलाच चालू होते, त्यांना हलवणं शक्य नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक रिपोर्ट जाण्याआधी मी दोनदा वाचून बघायचो.

*

आणि मग बाबूलालजींची ती सभा आली.

त्या वर्षी त्यांनी सभेनंतर दाल-बाफल्यांचं जेवण ठेवलं होतं. साहेबांनी कुणाला न विचारता आधीच पोलीस फौजेची मागणी लिहून टाकली, ‘अनुमानित भीड़ दो हजार.’ कमी पडायला नको, एवढाच हिशोब. आणि पत्र पोचवायला दिलं काशीरामजींकडे.

चार दिवसांनी बाबूलालजी त्यांना बाजारात भेटले. “भिया, सरकार का अंदाज कितना है? उस हिसाब से कंडे मँगवा लूँ.” बाफले म्हणजे कणकेचे गोळे, ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, गोवऱ्या आधी सांगाव्या लागतात. काशीरामजी पत्रातला आकडा सहज बोलून गेले.

आठवड्यानं साहेबांनी हुकूम काढला. सभेला नक्की किती माणसं येणार ते सांगा, ऐकीव नको, पुरावा पाहिजे. काशीरामजी लोहारद्याला गेले. कुणाला काही विचारलं नाही. अनुभवी माणूस, सरळ मागच्या अंगणात जाऊन गोवऱ्यांच्या ट्रॉल्या मोजल्या. हलवायाकडून कणकेचं माप काढलं. दोन्हींचं गणित तंतोतंत जुळलं, दोन हजार. ‘खबर पक्की’ असा शेरा मारून रिपोर्ट दिला. साहेब मला म्हणाले, “देखा? मेरा भी यही अंदाज था.”

संध्याकाळी काशीरामजी माझ्या टेबलाशी आले. चेहरा उतरलेला.

“भिया, वो कंडे तो मेरे ही कहने पे आए थे.”

रिपोर्ट वर गेला होता. बोलून उपयोग नव्हता, आणि न बोलून सुटका नव्हती.

सभेच्या दिवशी मैदानात पोलिसांच्या गाड्याच गाड्या, आणि अकरा वाजेपर्यंत माणसं मोजून तीनशे. साहेब दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. काशीरामजी झाडाखाली उकिडवे बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

साडेअकराला गोवऱ्या पेटवल्या. दोन हजार माणसांच्या जेवणाचा धूर तो, चार कोसांवरून दिसला असेल. आसपासच्या गावांतल्या लोकांनी धूर पाहिला आणि साधा विचार केला की एवढा धूर म्हणजे मोठं जेवण, बाबूलालजींना माणसं कमी पडायला नकोत. बारानंतर ट्रॅक्टर यायला लागले. बायका आल्या, म्हातारे आले, एक वऱ्हाड रस्त्यावरून वळून आलं. दोन वाजता पत्रावळी संपत आल्या, आणि हलवायानं आणल्या होत्या दोन हजार.

कुठं शब्दाला शब्द लागला नाही. फौजेलाही बाफले मिळाले.

साहेब तूप निथळणारा बाफला घेऊन आमच्याकडे आले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “काशीराम, वो बदली की बात भूल जाओ. पूरी नौकरी में इतना सही आँकड़ा नहीं देखा.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नाम मत बताना. पर जिस आदमी से ये आँकड़ा निकला, उसको सँभाल के रखना.”

काशीरामजी उठून उभे राहिले.

“रखा है, साब. रोज सुबह सलाम करता हूँ.”