वरची नळी गरम, खालची गार

लातूर तेव्हा नवा जिल्हा झालं होतं आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. जिल्हा झाल्यामुळे माझं पोट चालत होतं. नव्या कचेऱ्या, नव्या बदल्या, दाखले, सह्या. लोकांचं नांदेड-लातूर येणं-जाणं वाढलं होतं. बी.ए. होऊनही नोकरी लागली नाही, म्हणून मी एक जुनी काळी मोटार घेतली आणि या रस्त्यावर प्रवासी नेऊ लागलो. घर लातूरला होतं. गाडीचा डॉक्टर मात्र नांदेडला होता.

नांदेडच्या टॅक्सी स्टँडमागे त्याचं गॅरेज होतं. सगळे ड्रायव्हर त्याला उस्ताद म्हणायचे. मी शिकलेला म्हणून तो मला ‘बीए’ म्हणायचा. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. जे थोडं कळलं ते त्याच्याच शेजारी उकिडवं बसून. गाडी घेतली त्याच दिवशी त्याने बजावलं होतं, “बीए, हिला हापशाचं पाणी पाजू नको. खारं पाणी आतून चुना धरतं. गोदावरीचं नळाचं पाणी दोन डबे भरून ने. तेच घाल.”

मी ते मंत्रासारखं पाळलं. रेडिएटर जुना, थोडा गळका; त्यामुळे पाणी रोज लागायचं. नांदेडच्या नळावर तेलाचे दोन पत्र्याचे डबे भरायचे, डिकीत ठेवायचे, रात्री घरी उतरवायचे आणि सकाळी निघताना गाडीत ओतायचं. स्टँडवरचे बाकीचे मिळेल ते पाणी घालायचे. मला माझ्या या नेमाचा थोडा गर्वच होता.

त्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. आधी अहमदपूरच्या अलीकडच्या चढावर काटा लाल रेघेकडे जायचा, मग सपाटीवरही. एकदा पाच प्रवासी भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि मी बॉनेट उघडून वाफेकडे बघत बसलो. त्यातले एक तलाठी म्हणाले, “साहेब, चहाचं सामान असतं तर बरं झालं असतं.” सगळे हसले. मी नाही हसलो. गाडीशिवाय घरात दुसरा पैसा येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी उस्तादकडे नेली. त्याने घाई केली नाही. आधी पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. इंजिनातलं तेल मोजायची कांडी काढून बोटावर घासली. तेलात पाणी उतरलं असतं तर ते दुधाळ झालं असतं, तसं नव्हतं. “इंजिनाचं हेड चांगलं हाय,” तो म्हणाला. मग गाडी चालू ठेवून त्याने हाताची मागची बाजू वरच्या रबरी नळीला लावली आणि झटकन काढली. नंतर खालच्या नळीला लावली, आणि तिथेच ठेवली.

“लाव हात.”

वरची नळी चटका देत होती. खालची गार होती.

“वरून गरम पाणी येतं, रेडिएटरमधून निवून खाली जातं. इथं जातच न्हाई. आत चोंदलंय.”

गाडी निवल्यावर त्याने रेडिएटर उतरवला आणि वरची टाकी खोलली. आतल्या बारीक नळ्यांची तोंडं पांढरी झाली होती, जुन्या घागरीच्या तळासारखी. त्याने नखाने एक कपची काढली, जिभेला लावली आणि थुंकला.

“हापशाचं पाणी हाय, बीए.”

“मी गोदावरीशिवाय थेंब घालत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“मग हे काय आभाळातून पडलं? पडतंय कुठं आभाळातून?”

तेव्हाच माझ्या मनात ते आलं. तीन महिन्यांपूर्वी क्लचच्या कामासाठी गाडी चार दिवस त्याच्याकडे होती. शेजारी तशीच दुसरी गाडी उभी होती. गॅरेजवाले चांगला भाग काढून जुना बसवतात, हे स्टँडवर रोज ऐकायला मिळायचं. माझं पाणी गोडं होतं. मग हा रेडिएटर माझा असेल कसा?

“उस्ताद, हा रेडिएटर माझा नाही,” मी म्हणालो.

त्याने हातातली कपची खाली टाकली. “तू काय बोलून राहिला, तुला समजतंय का?”

“समजतंय. गाडी चार दिवस तुमच्याकडे होती.”

चहा पीत उभे असलेले तीन ड्रायव्हर जवळ आले. एकाने हसत विचारलं, “उस्ताद, माझ्या गाडीचं इंजिन तरी माझंच हाय ना?” दुसरा म्हणाला, “बघून घे बाबा, शिकलेला माणूस उगाच बोलत न्हाई.” उस्तादने रेडिएटर पुसला, होता तसा परत बसवला आणि बॉनेट हळूच लावलं. “दुसरीकडं दाखव,” एवढंच म्हणाला. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प झाला. ज्याच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानेच फसवलं. परतीच्या रस्त्यावर दर दहा मैलांना थांबून पाणी घालत होतो आणि तेच घोकत होतो.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. कसं चारचौघांत तोंडावर बोललो, तेही. ती वाढता वाढता थांबली. डाव तिने पातेल्यात ठेवला.

“त्याचं काही न्हाई,” ती म्हणाली. “डब्यातलं पाणी मी बदलत होते.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी वर लिहायचं मी टाळलं. हिवाळ्याच्या शेवटी तिने माझ्याकडे एक डबा मागितला होता. आमच्या गल्लीत हापशाशिवाय पाणी उरलं नव्हतं. त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती, दूध नासत होतं, दोन वर्षांच्या मुलीचं पोट सारखं बिघडत होतं. मी म्हणालो होतो, “इंजिनाला खारं पाणी चालत नाही.” तिने विचारलं होतं, “आन् पोरीला चालतंय?” मी म्हणालो, डिकीत प्रवाशांचं सामान असतं, तिसऱ्या डब्याला जागा नाही. आणि उठून गेलो.

त्यानंतर तिने पुन्हा मागितलं नाही. मी झोपलो की दोन्ही डबे घरात रिकामे करायची आणि हापशाचं पाणी भरून ठेवायची.

“मला सांगायचं होतंस,” मी ओरडलो. “माझ्याच घरात मला फसवलंस!”

“सांगितलं होतं की,” ती म्हणाली. “आवं, चार महिने झाले, मऊ डाळ खाऊन राहिलाव. कशी शिजते, एकदा तरी इचारलं का?”

समोर ताटात डाळ होती. मऊ, एकजीव. मी नेहमी दोनदा मागून घ्यायचो.

लातूरच्या एका मिस्त्रीने नळ्या साफ करून दिल्या. गाडी गार झाली. मी लगेच नांदेडला जाऊन पाय धरायला हवे होते. मला तीन आठवडे लागले. गेलो तेव्हा गॅरेजसमोर एकच जीप उभी होती. एरवी चार-पाच गाड्या रांगेत असायच्या. मी त्याला सगळं सांगितलं, बायकोचं, मुलीचं, डाळीचं. तो स्पॅनर पुसत ऐकत होता.

“पोरगी बरी हाय का आता?”

“आहे.”

“मला काय सांगून राहिला, बीए? रेडिएटर तुझाच होता हे मला ठाऊकच होतं.” त्याने स्टँडकडे हात केला. “तिथं सांग. तिथंच बोलला होतास.”

मी हो म्हणालो. चालत स्टँडवर आलो. तेच तिघे बसले होते. एकाने सरकून जागा दिली आणि विचारलं, “काय बीए, चोर काय म्हणतो?” खरं सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं की मी गाडीला गोडं पाणी देत होतो आणि मुलीला खारं. मी म्हणालो, “काही नाही, सहज गेलो होतो.” आणि चहा घेतला. उस्ताद गॅरेजच्या दारात उभा होता. त्याने मला चहा पिताना पाहिलं आणि आत गेला.

नंतर मी त्याच्या दारात गेलो नाही. वर्षभरात ते गॅरेज बंद झालं.

त्या दिवशी परत निघताना नळावर मी तीन डबे भरले. तिसरा डिकीत सहज बसला. सामान सरकवावंसुद्धा लागलं नाही.