मशीन वाजली म्हणून

माझ्या नवऱ्याने आमच्या थोरल्या लेकीला पहिल्यांदा पाहिलं ते उंबऱ्याबाहेरून, हात पाठीमागे बांधून. मी बाजेवर, पोरगी कुशीत, आणि हे अणुवीज केंद्रातल्या नोकरीतून रजा काढून, देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून रेल्वे आणि एसटी बदलत अहमदपूरला माझ्या माहेरी आलेले. आई म्हणाली, "आत या की, जावईबापू." हे म्हणाले, "इथूनच दिसायलंय." मला असा राग आला की तांब्या फेकून मारावा. पण ओली बाळंतीण, काय करणार? भिंतीकडे तोंड फिरवून पडले.

दुपारी आई भाकरी टाकायला गेली तेव्हा दारातूनच, हळू आवाजात त्यांनी कारण सांगितलं. केंद्रातून बाहेर पडताना प्रत्येकाला दाराशी एका मशीनमध्ये उभं राहावं लागतं. आतली किरणोत्सर्गी धूळ अंगाला लागली असेल तर ती मशीन वाजते. ह्या मशीन दुरुस्त करणं हेच नवऱ्याचं काम. नांदेडला शिकून मिळवलेली नोकरी, अर्धापूरच्या माझ्या सासरी तिचा कोण अभिमान! पण समुद्राच्या खाऱ्या हवेने मशीन सारख्या बिघडायच्या. उगाच वाजायच्या, लोक हसायचे आणि निघून जायचे. मुलगी झाल्याची तार आली त्या दिवशी दारातली मशीन ह्यांच्यावर वाजली. शेजारची गप्प राहिली. हे साबण लावून अंघोळ करून आले. पुन्हा एक वाजली, एक गप्प. वरचे साहेब म्हणाले, "बिघडलीय ती. जा तू, पोरगी बघ."

"दोन्ही मशीन मीच दुरुस्त केलेल्या," नवरा म्हणाला. "दोन्हीतली एक खोटं बोलून राहिली. कोणती, ते उघडल्याबिगर कळत न्हाई."

"मग उघडायची होती!"

"गाडी चुकली असती."

"चुकू द्यायची होती!" मी ओरडले आणि पोरगी दचकून रडायला लागली. तिला उचलायला त्यांचे हात पुढे आले आणि तसेच मागे गेले. तेव्हा मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला. घाबरले. धूळ बहुतेक नाहीच, असेल तर धुऊन गेली असेल, असं तेच मला समजावत होते. पण इतक्या लहान जिवाच्या बाबतीत 'बहुतेक'वर त्यांचा विश्वास नव्हता. कोणाला सांगू नकोस म्हणाले. गल्लीत एकदा कळलं की त्याचा रोग व्हायला वेळ लागणार नाही. मशीन उघडून बघा म्हणून सोबत्यांना सांगून आले होते. फोन लावून विचारायचं, तोवर दूर राहायचं.

फोन लागणं म्हणजे तेव्हा नवसच होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तहसील कचेरीत शिपाई होते. कचेरीतल्या शिक्क्यांवर अजून उस्मानाबाद होतं. ते पेनाने खोडून वर लातूर लिहायचं काम साहेबांनी आबांना दिलेलं, आणि आबा ते इतक्या रुबाबात करायचे की जिल्हा त्यांनीच पाडला असावा. जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच. टँकर कधी यायचा, कधी नाही. पोस्टातून नवऱ्याने रोज फोन लावला. कधी लाइन बंद, कधी लागली तर पलीकडचं काही ऐकूच येईना.

खरी पंचाईत घरात झाली. नवऱ्याने आईकडून आपली ताटली आणि पेला वेगळा मागून घेतला. झोपायचं ओसरीत, कपडे स्वतः धुवायचे. पिंपाला हात लावायचा नाही. पाणी हवं असलं की ओंजळ धरून खाली बसायचं आणि म्हणायचं, "वरून ओता."

आई ओतायची. आबा बघायचे.

आता हे सांगायलाच हवं. जळकोटकडच्या आमच्या गावी आबा लहानपणी असेच ओंजळ धरून विहिरीच्या कडेला बसलेले. कोणीतरी येऊन वरून धार धरायचं, मर्जी असेल तर. छप्पन्न साली दीक्षा घेतली, गाव सोडून अहमदपूरला आले, आणि स्वतःच्या घरात एकच दंडक घातला. इथे कोणाचा पेला वेगळा नसेल. कचेरीतला साहेब येवो, नाही तर कोळसेवाली येवो, मांडणीवरचा हाताला येईल तो पेला. त्या घरात आता त्यांचाच जावई वेगळा पेला घेऊन ओसरीत बसलेला.

एक दिवस आबा माझ्या बाजेशी आले. आवाज चढवला नाही. "कामून करून राहिलेत हे असं? नळाचं पाणी पिऊन लई मोठे झालेत का? का लेक झाली म्हणून?"

मला राहवलं नाही. नवऱ्याला दिलेला शब्द मोडला आणि सगळं सांगून टाकलं.

"मंजी ते दिसत न्हाई?" आबांनी विचारलं.

"न्हाई."

"वास?"

"न्हाई. पण असंल तर दुसऱ्याला लागतंय."

 आबा उठले आणि दोन्ही पिंपं ओढत मागल्या दारी नेली. घरात तेवढंच पाणी होतं. टँकरचा पत्ता नव्हता. आईने कपाळावर हात मारला, पण अडवलं नाही.

"बसा, जावईबापू," आबा म्हणाले आणि तांब्या बुडवला.

"मामा, तुमी नका. तुमच्या अंगावर उडंल."

"उडू द्या."

नवरा डोक्यापासून पायाच्या नखांपर्यंत घासत होता, आबा ओतत होते. एरवी अंघोळीचं पाणी आम्ही शेवग्याला घालायचो. ह्यांनी आधी खड्डा खणून सगळं त्यात सोडलं. त्या साली पाणी खड्ड्यात सोडलेलं बघून शेजारणी कुंपणाशी गोळा झाल्या. आम्हाला वेड लागलंय असं त्यांनी ठरवलं असणार, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पिंपं रिकामी झाली. नवरा लाल अंगाने पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. मोजायला हितं काहीच न्हाई."

मी हसले. मग रडू आलं. इतकं पाणी घालवूनही पोरगी त्यांच्यापासून होती तेवढीच लांब होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ते नांदेडला गेले. तिथल्या तार कचेरीत फोन लागेपर्यंत हलणार नाही म्हणाले. संध्याकाळी आले ते थेट आत. वाटेत कोणालातरी धक्का लागला, बहुतेक आईला. बाजेजवळ येऊन त्यांनी पोरगी उचलली.

"मान धरा, मान!" मी किंचाळले.

"वाजणारीच बिघडली होती," ते म्हणाले. "आता तर रिकामी असली तरी वाजून राहिली. गप्प होती ती तपासली. ती बरोबर होती." एवढं बोलले आणि हुंदका आला. मशीन दुरुस्त करणारा माणूस लेकीला छातीशी धरून रडत होता, मी त्यांच्या शर्टाला धरून रडत होते. आयुष्यात मला इतकं हलकं क्वचित वाटलं असेल.

आबा दारात उभे होते. "मंजी अंगावर काहीच न्हवतं?"

"न्हवतं, मामा."

"पैल्यापासून?"

"पैल्यापासून."

"मशीनच बिघडलेली."

"हाव."

आबा खाली बसले. म्हणाले, "तुमाला बरं, फोन करून इचारता आलं. माझ्या बापाला जिंदगीभर वाटत राहिलं, आपल्याच अंगाला कायतरी हाय."

 नवऱ्याने पुढे होऊन पोरगी आबांच्या हातात दिली.