मखमली टिकलीचं बटण

सबनीस काका रिमोट डोळे मिटून निवडायचे. दुकानातल्या फळीसमोर उभे राहत, डोळे घट्ट मिटत आणि एकेक बटण चाचपत पुटपुटत. आजूबाजूच्या गोऱ्यांना वाटे, म्हातारा मंत्र म्हणतोय. प्रत्यक्षात रिमोट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला असे.

मालूकाकूंची दृष्टी काचबिंदूने गेली होती. टीव्ही त्या ऐकायच्या. पण टीव्हीचा रिमोट एक, मराठी चॅनलच्या डब्याचा दुसरा, स्पीकरचा तिसरा. एका दुपारी काका बाजारात गेलेले, काकूंचं बोट चुकलं, आणि ते परत येईपर्यंत त्या मुक्या टीव्हीसमोर बसून राहिल्या. "आता एवढ्यासाठीही माणूस लागतं मला," इतकंच म्हणाल्या. त्या दिवशी काका जे पेटले, ते पेटलेच.

"फोनवर ॲप घ्या ना, मेट," दुकानातला पोरगा म्हणाला.

"त्या गुळगुळीत काचेवर तिने काय चाचपायचं? तुझं टक्कल?" काका मराठीत गरजले. आमच्या टूनगॅबी उपनगरातले काकाकुवा उडाले, ते थेट दूरच्या कॅसल हिलला जाऊन बसले. मी त्यांचा शेजारी, गाडीही माझीच, त्यामुळे भाषांतरही माझ्याच गळ्यात. "नको म्हणतायत," मी पोराला सांगितलं.

शेवटी उंच बटणांचा एक रिमोट पसंत पडला. केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, पडद्यावर आपली यंत्रं निवडायची, की एका बटणात सगळं चालू, असं खोक्यावर लिहिलेलं. पण त्याआधी कंपनीला खातं हवं होतं. ईमेल, पासवर्ड, वर जन्मतारीख!

"रिमोट माझा, टीव्ही माझा, आणि परवानगी यांची?" काका कडाडले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पार्किंगच्या दंडापासून गोड बंद करणाऱ्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ते ऐकून घ्यावं लागे.

खातं उघडलं, तर पडद्यावर उमटलं, 'रिमोट सापडला नाही.' काकांनी श्रीखंडाचा रिकामा डबा उघडला. त्यात इतक्या जपलेल्या केबली होत्या, की एकीला एक जोडली असती तर पुणं गाठलं असतं. प्रत्येकीने रिमोटचा दिवा लागे, पण कॉम्प्युटर ओळख दाखवेना. काकांनी कंपनीला फोन लावला आणि श्वास न घेता भांडले.

"नो वरीज," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तुला नसतील! माझ्या घरात ढीगभर आहेत!"

ती शांतपणे म्हणाली, काही केबलींतून नुसती वीज जाते, माहिती जात नाही. खोक्यातलीच केबल लावलीत ना?

काकांनी फोन ठेवला. उठून परसात गेले, मी मागोमाग. तिथे कढीपत्त्याचं रोप काठीला बांधलेलं होतं, त्याच कोऱ्या करकरीत केबलीने.

"सुतळी कुजते रे," काका पुटपुटले. "आणि कढीपत्ता इथे सोन्यापेक्षा महाग." मग गाठ सोडता सोडता केबलीवरच डाफरले, "इतका वेळ बोलायला काय झालं होतं तुला?"

त्या केबलीने काम फत्ते झालं. काकांनी काकूंच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मखमली टिकली काढून वरच्या बटणावर चिकटवली. "मालू, टिकली शोध आणि दाब."

काकूंनी दाबली. खोलीभर मराठी घुमलं. काकूंनी टीव्ही बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. काका डोळे पुसत कंपनीला शिव्या देत होते.

गेल्या जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, काका गेले. पुण्याहून त्यांची बहीण आली. काकूंचं कपाळ तिने आल्याबरोबर मोकळं केलं. काकूंनी ते करू दिलं. मग तिला रिमोट दिसला. "वहिनी, हे आता कशाला?" म्हणत तिने नखाने टिकली खरवडली.

काकूंचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"वन्सं, रिमोट माझा, टिकली माझी, आणि परवानगी तुमची?"

मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पाकीट दे रे इकडे." एक टिकली त्यांनी चाचपत बटणावर लावली, दुसरी कपाळावर. आणि टीव्ही लावला, चांगला मोठ्याने.