पाचटात बांधलेली प्रयोगशाळा

एवढं काचसामान घरात कशाला आणलंत, असं आता कुणी विचारलं तर मी "हौस" म्हणून मोकळा होतो. खरं सांगायला बसलं की फार बोलावं लागतं, आणि हल्ली मला बोलायचा कंटाळा येतो. खरं एवढंच आहे की मुलीला रसायनशास्त्र हातानं करून शिकता यावं, म्हणून मी ते आणलं.

साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी सगळी नोकरी प्रयोगशाळा परिचर म्हणून केली. परिचर म्हणजे शिपाईच, फक्त काच धुणारा. द्रावणं करून ठेवायची, ब्युरेटी, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या उभ्या नळ्या, भरून द्यायच्या, पोरांनी फोडलेलं गोळा करायचं, आणि प्रत्येक वस्तूवर लाल रंगानं कॉलेजची अक्षरं आणि नंबर घालायचा. मी स्वतः बारावी नापास. पण किती पोरांना मी ब्युरेट धरायला शिकवली त्याची गणती नाही. सर फळ्यावर समीकरण लिहीत असायचे आणि पोरं हळूच माझ्याकडे यायची.

मुलगी बारावी झाली त्याच वर्षी मी निवृत्त झालो. साताऱ्यात तिला प्रवेश मिळाला नाही. वडूजच्या रस्त्यावर एक नवं कॉलेज निघालं होतं, तिथं बीएस्सीला जागा होती. रोज सकाळी एसटीनं जायची. पहिल्या सत्रात एकदा जेवताना मी सहज विचारलं, प्रॅक्टिकल कसं चाललंय. ती म्हणाली, "आण्णा, आमच्याकडं दोनच ब्युरेटी हायत. त्यातली एक गळती. सर पुढं करून दाखवतात, आमी रीडिंग उतरून घेतो." भाकरी तोडत तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की मला तिचाच राग आला. मग स्वतःचा आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या हातात ब्युरेटी दिल्या आणि घरच्या पोरीनं नुसतं बघायचं.

आमच्या कॉलेजचं भंगार वर्षानुवर्षं एक चाचा घ्यायचे. साताऱ्यातच त्यांचं गोडाऊन. निवृत्तीनंतर मी दुपारचा त्यांच्याकडे जाऊन बसायचो. त्यांनीच सांगितलं की सांगलीतल्या एका जुन्या कॉलेजनं रसायनशास्त्राचा विभाग बंद केलाय आणि निर्लेखित, म्हणजे वहीतून कमी केलेलं, सामान विकायला काढलंय. सगळं एकत्र उचलायचं, निवडून घ्यायचं नाही. चाचांना टेबलांचं सागवान आणि लोखंडी स्टँड पाहिजे होते.

"आन् काच?" मी विचारलं.

"ही काच कोण घेतंय गड्या? बाटलीच्या भट्टीत ती वितळतच न्हाई. खड्ड्यात टाकायची."

मी म्हटलं, काच मला द्या.

सांगलीला पोचलो तेव्हा खोलीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या छातीपर्यंत होती. खालच्या कपाटांतल्या फ्लास्कमध्ये कृष्णेचा गाळ वाळून बसलेला. वरच्या कपाटांत मात्र सगळं जसंच्या तसं: ब्युरेटी, पिपेटी, बीकर, काचेच्या पेट्यांतले तराजू, गॅस करायचं किपचं उपकरण. ते किप बघून चाचा म्हणाले, "ह्यो हुक्का हाय व्हय रं?" मी हसलो. त्या दिवसांत मी अजून हसत होतो.

आता एवढी काच साताऱ्यापर्यंत न्यायची कशी? ऊसतोडीचे दिवस होते. वाटेतल्या एका शेतातून पाचट भरून घेतलं. उसाचं वाळलेलं पान काचेला फार चांगलं धरतं, फक्त हात कापतात. एकेक ब्युरेट पाचटात गुंडाळायची, सुतळीनं बांधायची आणि क्रेटमध्ये आडवी ठेवायची. टेंपोच्या तीन खेपा झाल्या. हायवेच्या प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव खालीवर होत होता आणि ड्रायव्हर आरशातून बघून गालात हसत होता.

पहिल्या खेपेला बायको दारात उभी राहिली. दुसऱ्या खेपेला आत निघून गेली. तिसरीला म्हणाली, "आवं, आपन झोपायचं कुठं?"

दोन खोल्यांचं घर. एक खोली काचेची झाली. अंगणात दोन महिने धुणं चाललं. जुन्या ब्युरेटींचं एक असतं: प्रत्येकीची काचेची तोटी त्याच ब्युरेटीला घासून बसवलेली असते. एकीची दुसरीला घातली की गळते. सांगलीत कुणीतरी सगळ्या तोट्या काढून एका डब्यात भरल्या होत्या. मी अंगणात बसून एकेक तोटी एकेका ब्युरेटीत घालून, पाणी भरून, थेंब पडतो का बघत राहायचो. जमली की सुतळीनं जागीच बांधून टाकायची. शेजारी म्हणायचे, निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी छंद पाहिजेच. कमरेनं तेव्हा जो दगा दिला तो आजतागायत.

सगळं लागलं तेव्हा मी मुलीच्या कॉलेजच्या सचिवांना भेटलो. तरुण माणूस, बोलायला गोड. पाण्याचा ग्लास, चहा, सगळं झालं. मी म्हणालो, सामान घ्या, वाहतुकीचं तेवढं बघा, माझी अट एकच: माझ्या मुलीच्या वर्गाचं प्रॅक्टिकल याच्यावर झालं पाहिजे.

"अहो काका, तिच्यासाठीच तर करायचंय. पुढच्या आठवड्यात मान्यतेसाठी तपासणीची समिती येतेय. तेवढी होऊ द्या, मग सगळं तुमच्याच ताब्यात."

मी चार दिवस बसून प्रत्येक वस्तूवरची सांगलीची अक्षरं स्पिरिटनं पुसली आणि मुलीच्या कॉलेजची घातली. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. नोंदवहीही मीच लिहिली, रकाने आखून. ही टापटीपच पुढं नडली. सामान अर्धवट, धुळकट असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं.

समितीच्या दिवशी सचिवांनी मला पांढरा अ‍ॅप्रन दिला. त्यांच्याकडे परिचर नव्हता, म्हणून मी उभा राहिलो. मुलीच्या वर्गालाही अ‍ॅप्रन घालून टेबलांपाशी उभं केलं, प्रत्येकासमोर एक ब्युरेट. आमची मुलगी तिसऱ्या टेबलाला होती. ब्युरेटीत रंगीत पाणी भरलेलं. तिनं तोटीकडे हात नेला. मला बाहेरून पावलं ऐकू येत होती. मी पटकन पुढं झालो आणि हळू आवाजात म्हणालो, "हात लावू नको. सुतळी सुटंल, गळाय लागंल. नुसती उभी राहा."

तिनं हात मागं घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग समिती आत आली. त्यांतल्या एका बाईंनी तराजूची पेटी उघडून बघितली, "वा, जुनं काम आहे," म्हणाल्या. कुणीही कुठलीही तोटी फिरवून बघितली नाही. नारळ, शाल, जेवण झालं. जाताना एकानं माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी मुलगी घरी येऊन म्हणाली की प्रयोगशाळेला कुलूप आहे. चौथ्या दिवशी सचिवांचा फोन. त्यांच्या नात्यातल्या संस्थेचं फलटणला कॉलेज होतं, तिथं समिती येणार होती. "आठ दिवसांचा प्रश्न आहे काका. तुमच्याइतकं नीट कुणी बांधणार नाही." मी गेलो. पाचटात बांधलं, फलटणला उतरवलं, अक्षरं पुसली, फलटणची घातली. तिथून कराडच्या बाजूला, मग परत सांगली जिल्ह्यात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं झालं. फरक इतकाच की पाठ माझी होती.

सामान दर वेळी परत यायचं ते तसंच. मी बांधलेल्या सुतळीच्या गाठी तशाच, माझ्याच पद्धतीच्या. एकाही कॉलेजात एकाही पोरानं एकही तोटी सोडलेली नसायची. नवा रंग पुरता वाळायच्या आत समिती येऊन निघून जायची.

एकदा मी सचिवांना म्हणालो, आता बस्स. मला सामान एका जागी पाहिजे. ते रागावले नाहीत. खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "काका, आमच्या संस्थांचं एकमेकांशी असं आहे. फलटणची मान्यता गेली की ते आमच्याविरुद्ध लिहिणार. आमची गेली की मुलांचं वर्ष जातं. त्यात तुमची मुलगी पण आली." आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी चहा पिऊन उठलो.

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते तराजूत पितळ टाकत होते. म्हणाले, "तू खड्ड्यातनं काढलीस काच. बरं केलंस का वाईट, आता मला बी कळंना." मग त्यांनी मला पंख्याखाली बसायला सांगितलं.

मी मुलीला घरी शिकवू शकलो असतो. हे मला कुणी विचारायच्या आधी मीच विचारतो. सामान मधेमधे आठ-पंधरा दिवस घरी असायचं. पण ते बांधलेलं असायचं, सोडलं की पुन्हा बांधा, आणि मी दमलेला असायचो. ती सकाळी सहाची एसटी पकडायची, संध्याकाळी जर्नल लिहीत बसायची. एकदा मी तिचं जर्नल बघितलं. काय सुंदर रकाने. दहा पूर्णांक दोन, दहा पूर्णांक दोन, दहा पूर्णांक एक. अक्षर माझ्यासारखंच. मी म्हणालो, रविवारी एक क्रेट सोडू या, तुला करून दाखवतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आण्णा, तुमची कंबर दुखती." तो रविवार गेला. पुढचेही गेले. तीन वर्षं म्हणजे बघायला गेलं तर काहीच नसतात.

शेवटच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सामान तेव्हा फलटणला होतं. परीक्षकांनी जर्नलं तपासली, दोन-दोन प्रश्न विचारले आणि जेवून गेले. मुलीला प्रॅक्टिकलला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले. बायकोनं पेढे आणले, शेजारी वाटले. मी एक खाल्ला. चांगला होता.

त्याच गुणांवर तिला साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काम मिळालं. प्रयोगशाळेत, शिकाऊ म्हणून. मुलाखतीत तोंडी प्रश्न विचारले, तिला सगळे आले. पाठांतर पक्कं आहे तिचं. आमच्या घरात अशी नोकरी पहिलीच. बायकोनं तिला नवा ड्रेस शिवून घेतला, गडद निळा, डाग दिसणार नाहीत असा.

कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी ती डबा भरून तयार होती. बायको देवापाशी होती. मी ओट्याजवळ चहा गाळत होतो. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आण्णा, तोटी कुठल्या हातानं फिरवायची?"

सामान आदल्या आठवड्यात एका नव्या कॉलेजला गेलं होतं. घरात एकसुद्धा ब्युरेट नव्हती. मी गाळणं खाली ठेवलं. तिच्या मागं उभा राहिलो, तिचा डावा हात धरून छातीसमोर वर नेला, बोटं पलीकडून वळवून दिली, असं. उजव्या हातात रिकामी वाटी दिली आणि म्हणालो, ही फ्लास्क समज, हिला हलवत राहायचं, नजर थेंबावर. तिनं केलं. पुन्हा कर म्हणालो, तिनं पुन्हा केलं.

"जमंल का?" तिनं विचारलं.

मी जमेल म्हणालो. बाहेर तिच्या कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि ती डबा घेऊन गेली. वाटी तिनं जाताना माझ्या हातात दिली होती. ती मी धुऊन ठेवली.