बारा सेकंदांचा हिरवा माणूस

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मवर अगदी शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. दोन बोटं रुंद! वाहनाचा प्रकार, वेग, वेळ, हवामान या सगळ्यांना ऐसपैस जागा आणि शेऱ्याला दोन बोटं. त्यात जे मावत नाही ते आमच्याबरोबर ऑफिसात येतं, डबे उघडले की बाहेर पडतं आणि साठत जातं. आता तर इतकं साठलंय की कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

मी सांगलीची. नवऱ्याची बँकेतून चेन्नईला बदली झाली, आम्ही अण्णा नगरला राहायला आलो आणि मी रस्ता सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या एका छोट्या संस्थेत चिकटले. ऑफिस मैलापूरला, साडीच्या दुकानाच्या वर. माणसं तीनच: प्रमुख मीनाक्षी मॅडम, मी आणि नटेशराव. आमचे किस्से ऐकून लोक हसतात. हसतो आम्हीही, पण पुढचा घास जात नाही.

*

नटेशराव तंजावरकडचे मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात, पण ती जुन्या वळणाची आणि तमिळमध्ये मुरलेली. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असून मला 'अक्का' म्हणतात.

माझ्या पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघं रस्त्यावर वाहनं मोजायला उभे होतो. फॉर्मवर कार, टू-व्हीलर, बस, लॉरी, सायकल आणि 'इतर' असे रकाने. दहा मिनिटं झाली आणि नटेशराव थांबले.

"अक्का, चालणारें माणूस कुठल्या गाडींत लिहूं?"

मी फॉर्म उलटापालटा करून बघितला. पायी चालणाऱ्याला रकानाच नव्हता! म्हटलं, लिहा 'इतर'मध्ये. त्याच 'इतर'मध्ये त्यांनी नारळाची एक हातगाडी आणि चार गाई लिहिल्या होत्या.

संध्याकाळी आकडे कॉम्प्युटरला घातले. त्यानं शहाणपणानं सल्ला दिला, 'इतर' प्रकारच्या वाहनांचा वेग फार कमी आहे, ती मुख्य रस्त्यावरून हटवावीत.

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. नटेशराव मात्र गंभीरपणे म्हणाले, "गाय हटत नाहीं अक्का. माणूसच हटतें."

*

चेन्नईच्या दक्षिण टोकाला, शोळिंगनल्लूरच्या एका सिग्नलवर आम्हाला कस्तुरीअम्मा भेटल्या. आयटी कंपनीत हाउसकीपिंगला. वय साठीच्या आसपास, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, हातात डब्याची पिशवी. बस एका बाजूला थांबते आणि कंपनी दुसऱ्या बाजूला. मध्ये सहा लेनचा रस्ता, त्यात मेट्रोच्या कामाचे पत्रे. पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा माणूस लागतो तो बारा सेकंद.

मी स्टॉपवॉच घेऊन त्यांच्याबरोबर चालले. दुभाजकापर्यंत पोचलो आणि दिवा लाल! दोन्हीकडून गाड्या सुटल्या. मी त्यांचा दंड घट्ट धरला. त्या मात्र रोजच्या सवयीनं पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. पूर्ण रस्त्याला त्यांना सव्वीस सेकंद लागतात.

मी त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये समजावलं, की ही वेळ सरासरी माणसाच्या चालीवरून ठरवतात.

त्यांनी दिव्यातल्या त्या पळणाऱ्या हिरव्या चित्राकडे बोट दाखवलं. "तो ना? त्याला गुडघे नाहीत, हातात पिशवी नाही. त्याच्या आईला त्याच्याबरोबर चालवून बघा म्हणावं!"

त्याच आठवड्यात आम्ही सिग्नलची वेळ ठरवणाऱ्या समितीकडे अर्ज केला: बाराचे तीस सेकंद करा. अर्जावर पहिली सही कस्तुरीअम्मांची, तमिळमध्ये, एकेक अक्षर कोरून काढलेली. तेव्हापासून सकाळी सातचाळीसला आम्ही सिग्नलवर दिसलो की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "एप्पो, मॅडम?" म्हणजे कधी? मी घड्याळाकडे बघायचे.

*

मध्यंतरी हेल्मेटचा सर्व्हे केला. चालवणारा हेल्मेट घालतो, मागे बसणारी का घालत नाही, एवढाच प्रश्न. मैलापूरच्या देवळापाशी एका जोडप्याला थांबवलं. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, बायकोच्या वेणीत वीतभर मोगरा.

नवरा म्हणाला, "तिला कशाला? ती थोडीच गाडी चालवते!"

मी बाईंकडे वळले. म्हटलं, फुलं चुरगळतात म्हणून घालत नाही का?

"फुलांचं काय घेऊन बसलात," त्या म्हणाल्या. "घरात हेल्मेट एकच आहे. आणि दोनदा पडलो, दोन्ही वेळा आधी मी पडले."

नवऱ्यानं गाडी सुरू केली. फॉर्ममध्ये 'कारण'खाली चारच पर्याय होते: उकाडा, फुलं, विसर, गरज वाटत नाही.

*

इलेक्ट्रिक बस मॅडमची फार लाडकी. धूर नाही, आवाज नाही! पण आवाज नाही म्हटल्यावर ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करायचं? म्हणून एका बंद आवारात चाचणी ठेवली. व्हायोलिन शिकवणारे एक वयस्कर सर आले. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांनी रेघेमागे उभं राहायचं, बस सावकाश येणार, ऐकू आली की हात वर करायचा.

बस अजून बरीच लांब होती आणि सरांनी हात वर केला! मॅडम हरखल्या. "सर, इतक्या लांबून ऐकू आली?"

"बस नाही आली ऐकू," सर म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी श्वास रोखलात, तो ऐकू आला. रस्त्यावर माझ्यासाठी कोण रोखणार?"

चाचणी तिथंच थांबवली.

*

सिग्नलच्या अर्जाचं पुढे काय झालं? तर समितीचे दोन साहेब पाहणीला आले. आम्ही बसस्टॉपच्या बाजूला उभे होतो, त्यांची गाडी समोरच्या बाजूला थांबली. आम्ही हात केला, त्यांनीही केला. मग ते उतरले, रस्त्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले. पुढे जाऊन यू-टर्न घेऊन आमच्यापाशी यायला त्यांना पाव तास लागला. रस्ता ओलांडायला गाडी!

मोठे साहेब घाम पुसत म्हणाले, "इथून पायी ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे हो, मॅडम!"

नटेशरावांनी ते वाक्य शब्दन्‌शब्द शेऱ्यात उतरवून घेतलं. त्या दिवशी ते दोन बोटांत कसं बसवलं देव जाणे.

महिन्याभरानं उत्तर आलं, की ही जागा अपघातप्रवण ठरत नाही, सबब विचार करता येत नाही. मॅडमनी समितीच्या कार्यालयात फोन लावला. तिथला कारकून अगदी आपुलकीनं बोलला. "काय आहे मॅडम, क्वालिफाय व्हायला अमुक इतके मृत्यू लागतात. तुमचा फक्त एक कमी पडतोय. संपर्कात राहा!"

मॅडमनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटत होती. पण त्याचं तरी काय चुकलं? नियम त्यानं थोडाच केला होता.

दुसऱ्या दिवशी सिग्नलवर कस्तुरीअम्मांनी नेहमीप्रमाणे विचारलं. मी गुळमुळीत काहीतरी सांगणार, तेवढ्यात नटेशरावांनी खरं ते तमिळमध्ये सांगून टाकलं. खोटं बोलायला त्यांना जमतच नाही.

कस्तुरीअम्मांनी डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "तो एक आपल्यातला नको हं. बसमधल्या सगळ्यांना सांगते, जपून. आणि साहेब झाले तरी माणसंच आहेत ना ती! कुणी मेल्याशिवायही ऐकतील."

*

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला. तोच कारकून. मॅडमनी स्पीकर लावला.

"कन्ग्रॅच्युलेशन्स, मॅडम! तुमची जागा क्वालिफाय झाली!"

आम्ही तिघांनीही हातातले घास डब्यात ठेवले.

"शनिवारी संध्याकाळी झाली केस. साहेबांनी लगेच सही केली. उद्या सकाळपासून तीस सेकंद!"

"कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

"कोण म्हणजे? पादचारी."

"बाई की पुरुष?"

"ते पोलिसांकडे असतं, मॅडम. आमच्याकडे नुसता आकडा येतो."

कस्तुरीअम्मांचा नंबर फॉर्मवर होता. मी लावला. फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. नटेशरावांनी त्यांच्या कंपनीच्या गेटवर फोन केला. तिथला वॉचमन म्हणाला, अम्मा आज आलेल्या नाहीत. का, ते माहीत नाही. शनिवारी त्यांची सुट्टी दोनला होते, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण शनिवारी कधीकधी ओव्हरटाइमही असतो, तेही मलाच माहीत होतं. डबे तसेच परत गेले.

मंगळवारी सातलाच आम्ही तिघं सिग्नलवर, कंपनीच्या बाजूला, हजर झालो. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. नटेशराव पुटपुटत होते, देवाचं नाव घेत असावेत. सातचाळीस झाले. तिसऱ्या बसच्या पायरीवर आधी पिशवी दिसली, मग पाय, आणि मग कठड्याला धरून सावकाश उतरणाऱ्या कस्तुरीअम्मा.

त्या दिव्यापाशी थांबल्या. हिरवा झाला. त्या निघाल्या. दुभाजकापाशी सवयीनं पिशवी छातीशी धरून थबकल्या, वर बघितलं. हिरवाच! पुन्हा चालायला लागल्या. आमच्या बाजूच्या फुटपाथवर त्यांनी पाय ठेवला तरी दिवा हिरवाच होता.

मॅडमनी धावत जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. रडायलाच लागल्या. माझीही तीच गत. नटेशराव दुसरीकडे बघत चष्मा पुसत होते.

"अय्यो, काय झालं? काल नातीला ताप होता म्हणून आले नाही, फोनचं चार्जिंगही संपलेलं," कस्तुरीअम्मा म्हणाल्या. मग त्यांनी वळून सिग्नलकडे बघितलं, पुन्हा आमच्या तोंडांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"झालं ना मंजूर? बघा! मी म्हटलं नव्हतं? कुणी मेल्याशिवायही ऐकतात माणसं!"